ताप उतरला, धसका उतरत नाही

अर्धा_कप_चहा | २८ मे, रात्री २:१४

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. लांबण लागेल, आधीच माफी मागते.

मागच्या ऑक्टोबरात माझ्या सात वर्षांच्या लेकीला (इथे तिला चिऊ म्हणते) डेंग्यू झाला. तीन दिवस १०३ ताप. चौथ्या दिवशी सकाळी अंग एकदम निवलं. सुटलो, असंच वाटलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मी ऑफिसात कळवून टाकलं की उद्यापासून येते. दुपारी चिऊ पोट धरून बसली, दोनदा उलटी झाली, हातपाय गार पडले. रिक्षात तिने माझ्या मांडीवर मान टाकली. दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. चार दिवस आयसीयू.

तिथल्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं की डेंग्यूत ताप उतरायला लागतो तेव्हाच खरी धोक्याची वेळ सुरू होते. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त दाट होतं, रक्तदाब पडतो. म्हणजे ज्या क्षणी मी 'हुश्श' केलं, नेमका तोच क्षण.

आता साडेसात महिने झालेत. चिऊ ठणठणीत आहे. वजन वाढलंय, सायकल शिकली, गुळाची पोळी हादडते. बिघडलंय माझं. रात्री दोन-तीनदा उठून तिच्या नाकाखाली बोट धरते. मग कपाळ, मग पोट, मग तळपाय. इतर आयांना मूल गरम लागलं की भीती वाटते. मला गार लागलं तरी वाटते, गरम लागलं तरी वाटते, आणि दोन्ही नाही लागलं तर वाटतं की आपल्याला कळत नाहीये. थर्मामीटर दोन आहेत, एक चुकला तर म्हणून. ऑक्सिमीटर उशीखाली. शाळेत इतके फोन केले की बाई आता उचलत नाहीत. उन्हाळ्यात आजोळी पाठवलं नाही. ग्राउंडचा तास बंद करायला लावला.

सासूबाई दर अमावास्येला मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढतात. पूर्वी मी हसायचे. आता वाटतं, त्या एकदा काढतात, विस्तवात टाकतात आणि मोकळ्या होतात. मी दिवसातून दहा वेळा थर्मामीटरने दृष्ट काढते आणि एकदाही मोकळी होत नाही.

आज लिहायचं कारण असं की संध्याकाळी चिऊ बाहुलीला झोपवून तिच्या काखेत पेन्सिल धरत होती. मी विचारलं, काय झालंय गं हिला? तर म्हणते, "काही नाही. ही म्हणते मी बरी आहे. पण आपण नाही मानायचं."

दहा दिवसांत मृग लागेल. सगळी दुनिया पावसाची वाट बघतेय आणि माझ्या पोटात गोळा आलाय. कुणी यातून गेलंय का? कसे बाहेर आलात?

गोदाकाठ | २८ मे, सकाळी ६:५०

वाचून पोटात कालवलं. बाहुलीचं वाचून तर फारच. सविस्तर नंतर लिहिते, डबे व्हायचेत. तोवर एक घट्ट मिठी.

रोखठोक | २८ मे, सकाळी ९:०५

राग मानू नका पण हल्ली हे फॅड झालंय. आमच्या आईने पाच मुलं वाढवली, तिला कधी असली अँग्झायटी वगैरे झाली नाही. मूल बरं झालंय ना? मग देवाचे आभार माना आणि कामाला लागा.

सदाफुली | २८ मे, सकाळी ९:४०

@रोखठोक, माझ्या आजीला सात झाली, जगली चार. गेलेल्या तिघांची नावं ती शेवटपर्यंत घ्यायची, आणि आम्हा नातवंडांना साधी शिंक आली तरी रात्रभर उशाशी बसायची. तेव्हाही हे असायचंच, फक्त धागा काढायची सोय नव्हती.

हिरवं_रान | २८ मे, सकाळी १०:२२

ताई, आत्तापासूनच रोज पपईच्या पानांचा रस चालू करा. पेशी (प्लेटलेट) वाढतात. आमच्याकडे सगळ्यांना देतो.

बाबा_वऱ्हाडातला | २८ मे, दुपारी १:३०

मी सहसा नुसता वाचतो. पण हे वाचून राहवलं नाही.

माझ्या पोराला चौथ्या वर्षी नेफ्रॉटिक सिंड्रोम निघाला. लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज येते. स्टिरॉइडने बरं वाटतं, पण हा आजार पुन्हा पुन्हा डोकं काढतो. म्हणून रोज सकाळची पहिली लघवी पट्टीवर तपासायची आणि वहीत लिहायची. सलग तीन दिवस तीन प्लस (म्हणजे भरपूर प्रथिनं) आलं तर डॉक्टरांना फोन.

आता गंमत ऐका. तपासणी दिवसातून एकदा सांगितलेली. माझी बायको चारदा करायची. मी तिच्यावर ओरडायचो आणि स्वतः पोरगा उठायच्या आधी टॉर्च लावून त्याचे डोळे सुजलेत का ते बघायचो. टॉर्चने पोरगा दचकून उठायचा, डोळे चोळायचा, मग चोळल्यामुळे सुजायचे. झालं, दिवसाची वाट लागली!

आमच्या किडनीवाल्या डॉक्टरांनी एकदा वही मागितली. एका तारखेला चार नोंदी बघून म्हणाले, "यातली एक माझ्यासाठी आहे. बाकीच्या तीन कुणासाठी?" आम्ही दोघं गप्प.

त्यानंतर ठरवलं, सकाळी एकदा आणि पट्टी मी बघणार. वही ती लिहिणार. पट्ट्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या आईकडे. पहिला आठवडा बायकोने मला शिव्या घातल्या. दुसऱ्या आठवड्यात मीच आईकडे चोरून किल्ली मागितली, म्हातारीने दिली नाही. पोरगा आता अकराचा आहे. मधे तीनदा आजार उलटला. तिन्ही वेळा त्या एका सकाळच्या पट्टीवरच सापडला.

विळी_आणि_स्टेथो | २८ मे, रात्री ९:१५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथून निदान करत नाही आणि तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, पण धाग्यात काही गोष्टी आल्यात त्यावर लिहिते.

पहिलं, हा प्रकार नवा नाही आणि फॅड तर मुळीच नाही. १९६४ साली मॉरिस ग्रीन आणि अल्बर्ट सोल्निट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी अशा मुलांवर लेख लिहिला होता. मूल एकदा मरणाच्या दारातून परत आलं की ते पूर्ण बरं झाल्यावरही आईबाप त्याला काचेचं समजतात. मग मूल आईला सोडून राहत नाही, सारखं पोट दुखतंय म्हणतं, शाळेत मागे पडतं. बाहुलीचा प्रसंग मला म्हणूनच जास्त महत्त्वाचा वाटला. चिऊच्या तळपायापेक्षा तिकडे लक्ष द्या.

आयसीयूतून मूल घरी आल्यावर आईवडिलांना महिनोन्‌महिने झोप न येणं, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, मॉनिटरसारखा आवाज ऐकून छातीत धडधडणं हे आम्ही नेहमी बघतो. खरं तर बघत नाही, हीच अडचण आहे. डिस्चार्जच्या कागदावर मुलाच्या औषधांची यादी असते, आईसाठी एक ओळ नसते. मीही कित्येक वर्षं लिहिली नाही.

आता ऑक्सिमीटर. तो उशीखालून काढा. डेंग्यूच्या शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळतं तेव्हा, आधी रक्तदाब आणि नाडी बिघडते. ऑक्सिजन ९८ दिसत असतानाही मूल गंभीर असू शकतं. म्हणजे तुम्हाला ज्याची भीती आहे ते हे यंत्र सांगतच नाही.

'पुन्हा होईल का' हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते मनात असणारच. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. जो होऊन गेला तो सहसा पुन्हा होत नाही, बाकीचे होऊ शकतात. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर गंभीर होण्याची शक्यता वाढते हे खरं आहे, ते लपवणार नाही. पण दुसऱ्यांदा झालेल्यांपैकीही बहुतेक जण साधेपणाने बरे होतात, आणि तुम्हाला आता जे माहीत आहे ते ऑक्टोबरात माहीत नव्हतं.

म्हणून एक काम करा. तुमच्या डॉक्टरांकडे चिऊला न घेता जा, आणि पावसाळ्यात ताप आला तर काय करायचं ते एका कागदावर लिहून घ्या. पॅरासिटामॉल किती, हे वजनावरून तेच ठरवतील (आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नको). पाणी, पेज, ताक किती. लघवी किती वेळा व्हायला हवी. रक्त कोणत्या दिवशी तपासायचं. आणि कशासाठी रात्री दोनला सुद्धा निघायचं: पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, मूल मलूल किंवा उगाच चिडचिडं होणं, हातपाय गार, लघवी बंद. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस लाल शाईने लिहा. कागदावर जे आहे ते बघायचं. जे नाही ते तुमच्या धसक्याचं आहे, चिऊचं नाही.

@हिरवं_रान, पपईच्या पानांच्या रसावर थोडेफार अभ्यास झालेत, पण शॉक पेशी कमी झाल्याने येत नाही, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्याने येतो. धडधाकट मुलीला रोज कडू रस पाजून काय साधणार? उलटी झाली की आईला पुन्हा धडकी.

कांदेपोहे | २८ मे, रात्री ९:५२

डेंग्यूची लस आली ना आता? तीच द्या की.

विळी_आणि_स्टेथो | २८ मे, रात्री १०:१०

परदेशात काही लसी निघाल्या आहेत. आपल्याकडच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, तीही मोठ्या माणसांवर. सध्या तरी डासांची पैदास होते ते पाण्याचे डबे घासणं हीच लस.

मँचेस्टरची_माई | २९ मे, पहाटे ३:०५

माझ्या मुलाला दीड वर्षाचा असताना मेंदूज्वर झाला होता, इथेच इंग्लंडात. त्या वॉर्डात नर्स रोज मुलाच्या नावाने डायरी लिहायच्या आणि घरी जाताना ती हातात द्यायच्या. मी वर्षभर उघडली नाही. कपाटात हिवाळी कपड्यांखाली दडवली होती.

उघडली तेव्हा एक विचित्र गोष्ट कळली. माझ्या आठवणीत एक रात्र होती, त्यात मशीन सतत किंचाळतंय आणि कुणीच येत नाहीये. डायरीत त्या रात्रीचं लिहिलं होतं की बाळ शांत झोपलं, आई खुर्चीतच झोपली, तिच्या अंगावर ब्लँकेट घातलं. मी झोपले होते! आणि वर्षभर मी त्या रात्री जागीच होते.

तुला डायरी नाही मिळणार, पण तिथल्या एखाद्या सिस्टरला भेटून ये. त्यांना मुलं आठवतात. चिऊला हिंडता-फिरताना पाहून त्यांनाही बरं वाटेल.

अर्धा_कप_चहा | २९ मे, रात्री ११:४०

सगळ्यांचे आभार कसे मानू. बाबा_वऱ्हाडातला, तुमचं "कुणासाठी?" दिवसभर डोक्यात होतं. आज शाळेला फोन केला नाही. (दोनदा हातात घेतला होता.)

ऑक्सिमीटर नवऱ्याकडे दिला. तेव्हा बोलता बोलता कळलं की तो ऑक्टोबरपासून त्या दवाखान्याच्या रस्त्याने जात नाही. रोज दोन किलोमीटरचा वळसा घालतो. मला वाटत होतं हा माणूस सगळं विसरून घोरतोय.

सदाफुली | ३० मे, सकाळी ८:२०

एक विचारू का? नको असेल तर उत्तर देऊ नकोस. इतकी पहारा देणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यात मीही आले. बहुतेकांना आतून वाटत असतं की हे आपल्यामुळे झालं. तुझं असं काही आहे का?

अर्धा_कप_चहा | १ जून, रात्री १२:३३

दोन दिवस उत्तर लिहून पुसतेय.

चिऊ आयसीयूत असताना महापालिकेची माणसं सोसायटीत तपासणीला आली होती. घरी सासूबाई होत्या. त्या माणसाने टॉर्च मारला. खिडकीत माझी मनीप्लांटची बाटली आहे, काचेची, पाण्यात वाढवलेली. त्यात अळ्या होत्या. त्याने ती ओतली, रजिस्टरवर लिहिलं आणि गेला. सासूबाईंनी मला महिनाभर सांगितलं नाही. सांगितलं तेही ओरडून नाही. नुसतं म्हणाल्या, "ती बाटली मी टाकलीये हं."

घरात कुणीही मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

विळी_आणि_स्टेथो | १ जून, सकाळी ७:४५

हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. एरवी शे-दोनशे मीटरच्या टापूतच फिरतो. चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. म्हणजे त्या आठवड्यात चिऊ जिथे जिथे होती, वर्गात, ग्राउंडवर, शिकवणीत, जिन्यात, शेजारच्या गच्चीच्या टाकीपाशी, त्यातल्या कुठल्याही जागी तो चावला असेल. तुमच्या बाटलीतला नसेलच असं मी म्हणणार नाही, पण असेलच असं कुणीच म्हणू शकत नाही. माझ्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये, वॉटर कूलरखालच्या ताटलीत, अळ्या सापडल्या आहेत. डेंग्यूची पोरं तपासत बसले होते मी आणि पायाशी पैदास चालू!

या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. आठवड्याचा एक दिवस ठरवा: पिंपं, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांच्या बशा. हे चिऊबरोबर करा. तिच्या हातात काथ्या द्या.

सदाफुली | १ जून, सकाळी ८:०२

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. महिनाभर गिळून बसल्या आणि मग एवढंच बोलल्या.

सकाळची_लोकल | १ जून, सकाळी ९:१०

डोंबिवली-सीएसएमटीमध्ये उभ्याने लिहितेय, चुका समजून घ्या. माझ्या मुलाला न्यूमोनियात छातीत नळी घातली होती. बरा झाला आणि मग मी कोसळले. गाडीत गर्दीत श्वास अडकायचा. समुपदेशक परवडणार नव्हते, ओळखीत सांगायची लाज. शेवटी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालंय, फुकट आहे, रात्रीही चालतं, मराठीत बोलता येतं. पहिल्या फोनला मी नुसती रडले. दुसऱ्याला त्या बाईंनी एक सोपी गोष्ट दिली: तपासावंसं वाटलं की लगेच उठायचं नाही, घड्याळ बघून दहा मिनिटं थांबायचं. मग वाटलं तर जायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं म्हणजे दहा तास वाटले. पुढे पुढे दहा मिनिटांत झोप लागायला लागली. सगळं त्यावर भागलं नाही, नंतर सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, सहा महिने गोळी घेतली. ठाणं आलं, उतर

रोखठोक | १ जून, दुपारी २:१५

काल आईशी फोनवर सहज विषय काढला. मला तिसरीत कावीळ झाली होती. म्हणाली, वर्षभर तू झोपलास की तुझे डोळे उघडून पांढरं बघायचे. मला हे माहीतच नव्हतं. वरचा प्रतिसाद मागे घेतो.

गोदाकाठ | १ जून, दुपारी २:४०

@रोखठोक, काकूंना धाग्यावर आणा!

अर्धा_कप_चहा | २१ जुलै, रात्री १०:५०

धागा वर काढतेय. शेवटी व्हायचं ते झालं. मंगळवारी रात्री चिऊला ताप आला, १०१.

कागद जूनमध्येच डॉक्टरांकडून करून आणला होता, फ्रिजवर लावलाय. पहिले दोन दिवस त्याप्रमाणे काढले. नवऱ्याने रात्रपाळी घेतली, मला दुसऱ्या खोलीत झोपवलं. झोपले नाही, पण पडून राहिले. गुरुवारी सांगितल्याप्रमाणे रक्त तपासलं. पेशी दोन लाख दहा हजार, डेंग्यू निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले साधा व्हायरल.

मग शुक्रवारी सकाळी ताप उतरला.

मला हाच दिवस नको होता. सासूबाईंनी सवयीने साखरेचा डबा उचलला आणि माझ्याकडे बघून परत ठेवला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. हात थरथरत होते. बाहेर आले तर चिऊ मुगाची खिचडी खात होती आणि पापड का नाही म्हणून भांडत होती.

खरं सांगते, कागदावर 'हातपाय दिवसातून तीनदा' असं आहे. मी आठदा पाहिले. आठव्यांदा तिने पाय ओढून घेतला आणि उठून माझ्याच तळपायांना हात लावला. म्हणाली, "आई, गार तुझे आहेत." आणि कपाटातून स्वतःचे मोजे आणून माझ्या पायात घालायला लागली. टाचेच्या वर चढेनात. तसेच दिवसभर ठेवले.

आज तिसरा दिवस. ती शाळेत जाऊन आली. ग्राउंडचा तासही केला, मी बाईंना चिठ्ठी दिली होती.

बाबा_वऱ्हाडातला | २१ जुलै, रात्री ११:१५

आठ म्हणजे काहीच नाही. आमचा विक्रम अजून अबाधित आहे.

सकाळची_लोकल | २२ जुलै, सकाळी ९:०८

फ्रिजवरच्या कागदाचा फोटो टाकशील का? माझ्या बहिणीच्या मुलाला मागच्या महिन्यात डेंग्यू होऊन गेला, ती अजून सावरली नाहीये. औषधाचा आकडा झाकून टाक, तो तिच्या डॉक्टरांकडून घेईल.

अर्धा_कप_चहा | २२ जुलै, दुपारी १:२०

टाकते संध्याकाळी. फक्त 'पोटदुखी'च्या रकान्यावर चिऊने मोर काढलाय, तेवढं चालवून घ्या.